मधुमेहात वनस्पतींचे अर्क घ्यायचे असतील तर: निवड, मात्रा, मोजणी आणि धोके

मेटफॉर्मिन ही टाइप २ मधुमेहात बहुतेकांना सर्वांत आधी दिली जाणारी गोळी. तिचं मूळ गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाच्या शेंगवर्गीय झुडपात आहे. मध्ययुगीन युरोपात वारंवार लघवीला होणाऱ्यांना हे झुडूप देत असत. पुढे त्यात गॅलेजीन हे साखर उतरवणारं द्रव्य सापडलं. १९२० च्या दशकात ते रुग्णांना देऊनही पाहिलं, पण त्याच्या विषारीपणामुळे सोडून द्यावं लागलं. त्याच घराण्यातलं मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ साली जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी मधुमेहींवरचे त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळं काढलेलं फ्लोरिझिनही असंच. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या आजच्या गोळ्या त्याच्याच रचनेवरून बेतल्या गेल्या.

त्यामुळे 'झाडपाल्याने काय होणार' हे मला पटत नाही, आणि 'झाडपालाच तर आहे, अपाय काय होणार' हे तर मुळीच पटत नाही. ज्या वनस्पतीत साखर उतरवण्याची ताकद आहे ती औषध आहे. तिला मात्रा आहे, दुष्परिणाम आहेत, दुसऱ्या औषधांशी भांडण आहे. अर्क घ्यायचाच असेल तर तो औषधाच्या शिस्तीने कसा घ्यावा, हे पुढे क्रमाने सांगतो.

आधी बघा: हा मार्ग तुमच्यासाठी आहे का

टाइप १ मधुमेहात शरीर इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही आणि कोणताही अर्क ती उणीव भरून काढत नाही. अर्काच्या भरवशावर इन्सुलिन सोडलं तर एकदोन दिवसांत कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साठणं, होऊन जीवावर बेतू शकतं. इथे प्रयोगाला जागाच नाही.

गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलं यांनीही हे अर्क टाळावेत. दारुहळदीतलं बर्बेरीन नवजात बाळाच्या रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीतलं पिवळं द्रव्य, वाढवून मेंदूला इजा करू शकतं. कारल्याच्या काढ्याने लहान मुलांची साखर इतकी उतरली की ती बेशुद्ध पडली, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

किडनी किंवा यकृत आधीच अधू असेल तर डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्याशिवाय काही सुरू करू नका. साखर ३०० च्या वर राहते आहे, वजन झपाट्याने उतरतंय, उलट्या होताहेत किंवा तहान भागत नाही अशी स्थिती असेल, तर आज गरज आहे ती डॉक्टरांची. अर्काचा विचार साखर आटोक्यात आल्यावर करता येईल.

उरतात ते टाइप २ असलेले किंवा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे, प्रकृती स्थिर असलेले प्रौढ लोक. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे.

पहिली पायरी: दोन आठवडे काहीही न घेता फक्त मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग तीन महिन्यांनी 'फरक वाटतोय' एवढंच सांगू शकतात. वाटण्यावर मधुमेह सांभाळता येत नाही.

प्रयोगशाळेतून एचबीए१सी, क्रिएटिनिन आणि एसजीपीटी या तीन तपासण्या करून घ्या. पहिली साधारण गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. ५.७ टक्क्यांच्या खाली सामान्य, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ आणि पुढे मधुमेह. दुसरी किडनीसाठी, तिसरी यकृतासाठी. या दोन्ही आधीच करून ठेवल्या तर पुढे काही बिघडल्यास ते अर्कामुळे की आधीपासूनचं, हे कळतं. रक्तक्षय असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खोटी वाढलेली दिसू शकते.

घरी आठवड्यातून चार दिवस उपाशीपोटी आणि चार दिवस मुख्य जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून लिहा. दोन तास पहिल्या घासापासून धरायचे. हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर आकडा फुगतो.

ग्लुकोमीटरची एक मर्यादा लक्षात असू द्या. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरच्या साखरेत मीटरला १५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. प्रयोगशाळेत १५० येणारी साखर मीटरवर १२८ दिसू शकते आणि १७२ सुद्धा. म्हणजे काल १७०, आज काढा घेतल्यावर १३५, एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. म्हणूनच दोन आठवड्यांची सरासरी काढायची.

या दोन आठवड्यांत आणि पुढच्या तीन महिन्यांत आहार, चालणं आणि चालू गोळ्या यांत स्वतःहून मोठे बदल करू नका. अर्क सुरू केला त्याच दिवसापासून गोड सोडलं, तर गुण कुणाचा हे कधीच कळणार नाही.

दुसरी पायरी: एकच वनस्पती निवडा, ती कुठे काम करते हे बघून

दहा वनस्पतींची मिश्रणं मी टाळायला सांगतो. गुण आला तरी कशाने आला ते कळत नाही आणि त्रास झाला तर कशाला सोडायचं तेही कळत नाही. तुमच्या वहीत उपाशीपोटीचे आकडे चांगले आणि जेवणानंतरचे वर असतील तर एक वनस्पती योग्य, सकाळचेच आकडे वर असतील तर दुसरी.

जेवणानंतरची साखर वाढत असेल तर मेथी ही माझी पहिली पसंती. मेथीच्या दाण्यात गॅलॅक्टोमॅनन नावाचा तंतू असतो. तो पाण्यात भिजून बुळबुळीत होतो आणि आतड्यात अन्नाभोवती राहून साखर शोषली जाण्याचा वेग कमी करतो. दाणे रात्रभर भिजवले की बोटांना जो चिकटपणा लागतो, औषध मुख्यतः तोच आहे. यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते: तंतू गाळून काढलेल्या मेथीच्या अर्कात हा परिणाम उरत नाही. त्या अर्कात ४-हायड्रॉक्सिआयसोल्यूसिन हे इन्सुलिन स्रवायला मदत करणारं द्रव्य राहतं, पण मेथीचा निम्मा गुण गेलेला असतो. इथे अख्ख्या दाण्याची पूड अर्कापेक्षा सरस. मात्रा रोज ५ ग्रॅमपासून सुरू करून हळूहळू १० ग्रॅमपर्यंत न्या. चाचण्यांत २५ ग्रॅम आणि त्याहून जास्तही दिली गेली आहे, पण तेवढी घेतली की पोट फुगतं आणि जुलाब होतात. घामाला व लघवीला गोडसर वास येऊ लागला तर घाबरू नका, तो मेथीतल्या सोटोलोनचा असतो. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्यांनी मात्र मेथी सांभाळून घ्यावी, दोन्ही एकाच कुळातली आहेत. इसबगोलही याच तंतूच्या मार्गाने काम करतो आणि त्यामागचा पुरावा चांगला आहे.

तुतीची पानं आणि सप्तरंगीचं मूळ यांचं काम वेगळं. तुतीत डीऑक्सिनोजिरिमायसिन, सप्तरंगीत सॅलॅसिनॉल. पिष्ट आणि साखर यांचे तुकडे करणारं आतड्यातलं विकर (एन्झाइम) ही द्रव्यं अडवतात. अकार्बोज आणि व्होग्लिबोज या गोळ्या हेच करतात. त्यामुळे यांचा अर्क जेवणाच्या सुरुवातीलाच घ्यावा लागतो. रिकाम्या पोटी घेऊन काही साधत नाही. यातली एखादी गोळी आधीच चालू असेल तर हा अर्क म्हणजे त्याच औषधाची दुप्पट मात्रा, आणि पोटात गॅस धरणार हे नक्की.

उपाशीपोटी साखर वर राहत असेल तर बर्बेरीनचा विचार होतो. दारुहळदीच्या मुळात ते असतं. रसांजन म्हणजे दारुहळदीचा आटवलेला काढा, तोही बर्बेरीनचाच साठा. चीनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३६ नव्या रुग्णांना तीन महिने ५०० मिलिग्रॅम बर्बेरीन किंवा तेवढंच मेटफॉर्मिन दिवसातून तीनदा दिलं गेलं. बर्बेरीन घेणाऱ्यांची एचबीए१सी ९.५ वरून ७.५ वर आली आणि मेटफॉर्मिनचा परिणामही तसाच होता. आकडे मोठे आहेत, पण चाचणी छोटी आहे. शिवाय बर्बेरीन यकृतातली औषधं मोडणारी विकरं अडवतं. सिम्वास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, अवयव प्रत्यारोपणानंतर देतात ते सायक्लोस्पोरिन आणि हृदयाची काही औषधं त्यामुळे रक्तात साठू शकतात. सगळ्या अर्कांत मला सर्वांत परिणामकारक वाटतो तो हाच, आणि डॉक्टरांना न विचारता मुळीच घेऊ नये असाही हाच.

गुडमार, म्हणजे कावळीचा वेल, याची एक खूण स्वतः पाहता येते. ताजं पान नीट चावून तोंडभर फिरवा आणि मग चिमूटभर साखर जिभेवर ठेवा. गोडी लागतच नाही, नुसती वाळूची कचकच जाणवते. जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या ग्राहींना झाकतात आणि साधारण अर्धा तास तो परिणाम राहतो. गोड खाण्याची ओढ ज्यांना आवरत नाही त्यांना हे पान खरोखर उपयोगी पडतं. कॅप्सूल गिळली तर ही गंमत होत नाही, कारण ती जिभेला लागतच नाही. रक्तातल्या साखरेबद्दल १९९० मध्ये मद्रासच्या संशोधकांनी २२ टाइप २ रुग्णांवर रोज ४०० मिलिग्रॅम अर्काचा अभ्यास प्रसिद्ध केला. साखर उतरली आणि काहींच्या गोळ्या कमी झाल्या, पण त्यात औषधाच्या जागी नुसती रिकामी कॅप्सूल घेणारा तुलनेचा गट नव्हता. गुडमारच्या चहाने यकृताला सूज आल्याची नोंदही आहे.

कारल्याची कीर्ती पुराव्यापेक्षा मोठी आहे. कोक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये उपलब्ध चाचण्या तपासून टाइप २ साठी कारलं उपयोगी आहे असं म्हणायला पुरावा अपुरा असल्याचं नोंदवलं. थायलंडमधल्या २०११ च्या एका चाचणीत रोज २००० मिलिग्रॅम कारल्याने थोडी साखर उतरली, पण १००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिनने उतरली त्यापेक्षा कमी. कारल्याच्या बियांत व्हायसीन असतं. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. पेशी लवकर मरू लागल्या की एचबीए१सी खोटी कमी दिसते, म्हणजे रुग्ण बिघडत असताना रिपोर्ट सुधारल्यासारखा वाटतो. कमतरता माहीत असेल तर कारल्याचा रस नको.

आणि कारल्याच्या रसात दुधीचा रस मिसळू नका. कडू निघालेल्या दुधीत कुकुर्बिटॅसिन हे विष असतं. त्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. दुधी कडू आहे हे जीभ सांगते, पण कारल्याच्या कडूपणात ती सूचना हरवून जाते. दुधीचा रस काढण्याआधी तुकडा चाखायचा आणि किंचित कडू लागला तरी अख्खा दुधी टाकून द्यायचा.

दालचिनीत प्रश्न जातीचा आहे. सिलोन दालचिनीच्या नळीत पातळ सालींचे अनेक पदर असतात. कॅसियाची साल जाड, एकेरी वळलेली. पूड झाली की नजरेने फरक कळत नाही. कॅसियात कूमरिन असतं आणि जास्त दिवस घेतल्यास ते यकृताला झेपत नाही. युरोपातली मान्य मर्यादा वजनाच्या दर किलोला रोज ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कॅसियाच्या एका ग्रॅममध्ये सरासरी ३ मिलिग्रॅमच्या आसपास कूमरिन भरतं. रोज चमचाभर पूड घेतली की मर्यादा सहज ओलांडली जाते. घ्यायचीच तर सिलोन जातीची घ्या, पण मोठी अपेक्षा ठेवू नका.

विजयसार, म्हणजे बिबळ्याच्या लाकडाचा अर्क, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नव्या रुग्णांवर तपासला होता. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रोज २ ते ४ ग्रॅम मात्रेवर ९७ पैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आली. इथेही तुलनेचा गट नव्हता. जांभळाच्या बिया, कडुनिंब आणि कोरफड यांची शिफारस मी करणार नाही. माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे, आणि कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक जुलाब करून शरीरातलं पोटॅशियम घालवतो.

तिसरी पायरी: डबीवरचं वाचा

चूर्ण म्हणजे वाळवून दळलेली वनस्पती. अर्क म्हणजे पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये तिचं सत्त्व उतरवून आटवलेला भाग. १०:१ असं लिहिलं असेल तर १० ग्रॅम पाल्यापासून १ ग्रॅम अर्क, म्हणजे ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल ५ ग्रॅम वाळलेल्या पाल्याइतकी. चूर्णाची चमचाभर मात्रा अर्काला लावली तर दहापट औषध पोटात जातं. ही चूक वाचून टाळता येते.

नुसतं गुणोत्तर पुरेसं नाही. 'जिम्नेमिक आम्लं २५ टक्के' असं मुख्य द्रव्याचं प्रमाण लिहिलेलं हवं. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, बॅच क्रमांक, मुदत आणि शिसं, पारा, आर्सेनिक यांची तपासणी केल्याचा उल्लेख हवा. २००८ मध्ये अमेरिकन संशोधकांनी इंटरनेटवरून विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा साधारण पाचव्या हिश्शात यांपैकी एखादा धातू सापडला होता. घरच्या काढ्याची अडचण वेगळी आहे. पाल्याचं वय, पाण्याचं माप, उकळण्याचा वेळ बदलला की रोज वेगळी मात्रा.

सगळ्यात गंभीर धोका भेसळीचा. 'पूर्ण नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड, मेटफॉर्मिन आणि फेनफॉर्मिन ही साखर उतरवणारी औषधं लपवलेली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला सापडली आहेत. फेनफॉर्मिन तर रक्तात लॅक्टिक आम्ल साठवतं म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बंद झालेलं औषध. सिंगापूरमध्ये २००८ साली लैंगिक शक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या भेसळयुक्त गोळ्यांतल्या ग्लिबेनक्लामाइडने साखर कोसळून १५० जण रुग्णालयात दाखल झाले, चौघे दगावले. त्यांच्यापैकी कुणाला मधुमेह नव्हता. म्हणून चार दिवसांत साखर शंभराने उतरवणारी 'जडीबुटी' मिळाली तर आनंद मानू नका. ती लगेच थांबवा आणि डबीसकट डॉक्टरांकडे जा. 'मधुमेह मुळापासून बरा' असा दावा छापलेली डबी घेऊच नका.

चौथी पायरी: सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा

बरेच जण डॉक्टर रागावतील म्हणून सांगत नाहीत. न सांगितल्याचा तोटा असा होतो की साखर उतरली तर डॉक्टर त्याचं श्रेय गोळीला देतात, आणि अर्क संपला की पुढचं गणित चुकतं. तोंडी सांगण्यापेक्षा डबीचा फोटो आणि दोन आठवड्यांची वही न्या. तीन प्रश्न विचारा: माझ्या गोळ्यांबरोबर हे चालेल का, साखर कमी झाली तर आधी कोणती गोळी कमी करायची, आणि यकृत-किडनीची तपासणी पुन्हा कधी.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर खाली जाण्याचा धोका खरा आहे. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी मेथीबद्दल मुद्दाम विचारावं. चालू औषध स्वतःच्या मनाने कमी करायचं नाही, आकडे कितीही छान दिसले तरी.

पाचवी पायरी: अर्ध्या मात्रेने सुरुवात

ठरलेल्या मात्रेच्या अर्धी मात्रा पहिला आठवडा घ्या, तीही दिवसा, घरात कुणी असताना. झोपण्यापूर्वी पहिली मात्रा घेऊ नका, कारण झोपेत साखर उतरली तर घाम आणि थरथर यांची जाणीव उशिरा होते. या आठवड्यात रोज दोनदा मोजा. मेथी किंवा इसबगोल घेत असाल तर इतर गोळ्या त्याच्या किमान दोन तास आधी घ्या, नाहीतर तो चिकट तंतू गोळ्याही अडवून धरतो. त्यासोबत भरपूर पाणी प्या.

साखर ७० च्या खाली गेली, किंवा एकदम घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं वाटलं, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. तरीही ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. तुती, सप्तरंगी किंवा अकार्बोज घेणाऱ्यांनी इथे ग्लुकोजच घ्यायचं. साध्या साखरेचे तुकडे करणारं विकरच अडवलेलं असतं, त्यामुळे ती वेळेवर रक्तात पोहोचत नाही. ग्लुकोजची पुडी खिशात आणि घरात दोन्हीकडे ठेवा, आणि घरच्यांना ती कशासाठी आहे हे सांगून ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

डोळे किंवा त्वचा पिवळी दिसणं, भूक मेल्यासारखी होणं, अंगाला खाज, लघवी गडद होणं, यांतलं काहीही दिसलं तर अर्क त्याच दिवशी बंद करून एसजीपीटी आणि बिलिरुबिन तपासा. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर दोन आठवडे आधी अर्क थांबवा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा.

सहावी पायरी: बारा आठवड्यांनी निर्णय

बारा आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत एचबीए१सी, क्रिएटिनिन आणि एसजीपीटी पुन्हा करा. त्याआधी केलेली एचबीए१सी अर्धवट चित्र दाखवते, कारण तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात आणि जुन्या पेशींवर जुनीच साखर चिकटलेली असते.

एचबीए१सीतली घट ०.५ पेक्षा कमी असेल तर ती अर्काचीच आहे असं म्हणता येत नाही. अर्क बंद करा. मात्रा वाढवून किंवा दुसरी वनस्पती जोडून पाहण्याचा मोह होतो, तो आवरा. घट ०.५ किंवा जास्त असेल, यकृत-किडनी ठीक असेल आणि साखर कधी ७० च्या खाली गेली नसेल, तर त्याच उत्पादनाची तीच मात्रा चालू ठेवायला डॉक्टरांची हरकत बहुधा नसेल. गोळी कमी करायची की नाही हे मात्र त्यांनाच ठरवू द्या, आणि पुढची एचबीए१सी तीन महिन्यांनी. डबी बदलली, कंपनी बदलली किंवा चूर्णाऐवजी अर्क घेतला, तर पुन्हा अर्ध्या मात्रेपासून आणि रोज दोनदा मोजण्यापासून सुरुवात करा.